झाकणावरचा कोपर

पेटी पास झाली. गिऱ्हाइकाच्या तपासनिसाने शिक्का मारला, हात मिळवला आणि गेला. ती कशी पास झाली, ते मात्र झालंच नाही असं धरून चालू. वहिनींचंही म्हणणं तेच आहे.

वहिनी म्हणजे काचेच्या तारेतून, प्रकाशाच्या जोरावर माहिती धाडणाऱ्या पेटीच्या मुख्य डिझायनर. त्यांचा धाकटा दीर त्याच कंपनीत पेट्यांचे सांगाडे करायचा. त्याचं ऐकून सगळी लॅब त्यांना वहिनी म्हणायची, मालकासकट.

भांडण झाकणाच्या उंचीचं होतं. वहिनींना पेटी सडपातळ हवी होती. भाऊजी म्हणत होते, आतली तार मान मुरगळून बसवली तर प्रकाश वळणावरच सांडेल, बोटभर उंची वाढवा. त्यावर वहिनींनी भर मीटिंगमध्ये सुनावलं की उंची वाढवायची एवढी हौस असेल तर टाचेचे बूट घाला. लोक हसले. पेटी सडपातळ झाली.

आणि तपासणीच्या सकाळी झाकण लावलं की प्रकाश गुल. काढलं की हजर. वहिनींनी वैतागून झाकणाच्या एका कोपऱ्यावर कोपर टेकला, तर पडद्यावरची प्रकाश मोजणारी रेघ टुणकन वर. हा कोपरा दबला की समोरचा केसभर उचलला जायचा आणि तारेचा गळा मोकळा व्हायचा.

झाकण उंच करून घ्यायचं तर आधी भाऊजी बरोबर होते असं म्हणावं लागणार. म्हणजे जन्मभर प्रत्येक जेवणात तेच ताटात वाढून घ्यायचं. वहिनींनी कोपर होता तिथेच ठेवला.

तपासनीस आला. वहिनींनी डाव्या हाताने नमस्कार उरकला, डाव्या हाताने चहा घेतला, डाव्या हाताने आलेख समजावले. मालकाने फोटोसाठी उभं राहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांनाच पेटीभोवती बोलावून घेतलं. तपासनीस मालकाला हळूच म्हणाला की कामावर एवढी माया त्याने कुठे पाहिली नव्हती.

भाऊजी मागून येऊन वाकले.

"वहिनी, हात अवघडला असेल. मी टेकू का जरा?"

"तुमचं वजन पुरायचं नाही, भाऊजी."

"टाचेचे बूट घालून येतो की."

मग वहिनींच्या कोपराखालीच पेटी पास झाली, जे झालंच नाही असं आपलं ठरलंय. जाताना तपासनीस म्हणाला, अगदी अश्शाच शंभर पेट्या पाठवा.

भाऊजींनी पेन्सिल कानामागून काढली. "एक वाक्य बोला, वहिनी. उद्या नवं झाकण देतो."

वहिनी हात चोळत टेबलाशी गेल्या आणि त्यांनी व्यवस्थापनाला लिहिलं:

'सदर पेटीची चाचणी यशस्वी झाली असून झाकणाची उंची योग्यच आहे. तरी पेटीच्या सुट्या भागांच्या यादीत "वहिनी, एक नग, कोपरासह" असा समावेश करून, शंभर पेट्यांकरिता शंभर नग तातडीने मंजूर करावेत, ही नम्र विनंती.'