छान म्हणायचं नाही

आमच्या ह्यांना दोष काढायचा पगार मिळायचा. बिस्किटांच्या कारखान्यात चव बघायची एक खोली होती, तिथे ते बसायचे. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतलं बिस्कीट त्यांच्यापुढे यायचं. ते आधी मोडून त्याचा आवाज ऐकायचे, मग हुंगायचे, मग एवढासा तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. लोणी शिळं आहे, साखर किंचित करपली आहे, पीठ ओल धरलेल्या पोत्यातलं आहे, हे डोळे न उघडता सांगायचे आणि अख्खी खेप परत जायची.

घरी आले की तेच काम फुकटात सुरू. मीठ कणभर कमी आहे. कांदा जरा जास्त परतलास. भात आज दुसऱ्या पातेल्यात केलास का? मी म्हणायचे, एवढं नाक मुरडायचं असेल तर स्वतः उभे राहा शेगडीपुढे. ते म्हणायचे, मग तुझ्या चुका कोण काढणार? असं भांडत भांडत आमचा संसार झाला आणि खरं सांगायचं तर मजेत झाला.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. ताप गेला तो जाताना वास घेऊन गेला आणि वासापाठोपाठ चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही. कारखान्याने त्यांना गोदामात बसवलं. काही आठवड्यांनी एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "आलंय बरं का परत बरंचसं." मी आनंदाने दोन घास जास्त वाढले. पण कारखान्यातून काही त्यांना पुन्हा चव बघायला बोलावणं आलं नाही. तिथल्या लोकांना फसवता येत नव्हतं, मला फसवता येईल असं ह्यांना वाटलं असावं.

आणि मग त्यांनी छान म्हणायला सुरुवात केली. भात छान. सूप छान. काल उरलेली भाजी, तीही छान. माझी नणंद फोनवर हसून हसून बेजार झाली. "वहिनी, तुझं नशीब उघडलं. दादाला एकदाचं तुझं जेवण आवडलं!"

एक दिवस मी फोनच्या नादात डाळीत मीठच घालायला विसरले. पहिला घास घेतला आणि कळलं. मी वर बघितलं. ते शांतपणे जेवत होते. "छान झालीय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मीठ घातलं नाही. पुन्हा छान. त्या क्षणी मला कसं वाटलं ते सांगते. टेबलाच्या पलीकडे माझ्या नवऱ्यासारखा दिसणारा कुणी सभ्य पाहुणा बसलाय आणि उठून जायची वाट बघतोय, असं वाटलं.

पाहुणा खातही पाहुण्यासारखाच होता. दोन घास, पाणी, पोट भरलं. शर्टाची कॉलर मानेभोवती फिरायला लागली. खिळा तापवून त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं, तेही माझ्या नकळत. शेवटी मी हात धरून डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, अन्नच पोटात जात नाहीये, असंच चाललं तर सलाइनवर ठेवायची वेळ येईल. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

बाई कसल्या, मुलगीच होती ती. खोलीत वजनकाटा, फळीवर रबराची सफरचंदं आणि रबराचा पाव, टेबलावर पाण्याचा जग. ती म्हणाली, "काका, काकू, मी लोकांना लक्ष देऊन जेवायला शिकवते. जास्त खाणाऱ्यांना त्याने कुठे थांबायचं ते कळतं. ज्यांना घास जात नाही त्यांनाही उपयोग होतो." मी मनात म्हटलं, घ्या! ज्याने जन्मभर लक्ष देऊनच खाल्लं, त्याला आता ही पोर जेवायला शिकवणार.

तिने आम्हा दोघांना एकेक मनुका दिला. आधी बघा, मग बोटांत फिरवा, कानाशी न्या, नाकाशी न्या, जिभेवर ठेवा, चावायची घाई नको. आता सांगा, काय कळतंय?

ह्यांनी डोळे मिटले. "सुरुवातीला दाट गोड," ते म्हणाले, "मग मागून बारीक आंबट. शेवटी जुन्या लाकडासारखा वास येतो. उन्हात वाळवलाय, भट्टीत नाही."

मुलगी भराभर लिहून घेत होती. "इतकं बारकाईने माझ्याकडे कुणीच सांगितलं नव्हतं, काका!"

मला राहवलं नाही. "खोटं आहे सगळं," मी म्हटलं. "पाठ केलेलं म्हणताहेत. कारखान्यात असे हजार मनुके त्यांच्या हाताखालून गेलेत. दोन दिवस बिनमिठाची डाळ खाल्ली ह्यांनी आणि छान म्हणाले. ह्यांना काही कळत नाहीये आणि हे मला सांगत नाहीयेत."

ह्यांचे कान लाल झाले. माझ्याकडे न बघता ते वजनकाट्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं, आता उठून जातील.

मुलीने लिहिलेलं सगळं खोडलं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "काकांना चव विचारायची नव्हतीच." तिने दुसरा मनुका पुढे केला. "आठवणीतलं काही सांगू नका. आत्ता तोंडात जेवढं आहे तेवढंच. काही नसलं तर काही नाही म्हणा."

बराच वेळ त्यांचा जबडा हलत होता. मग हळूच म्हणाले, "काही नाही." आणि थोड्या वेळाने, "कातडं आहे. सुरकुतलेलं. दाताला चिकटतंय. आतला गर थंड आहे."

तापानंतर पहिल्यांदाच मी त्यांचं खरं बोलणं ऐकत होते.

तिने नियम घालून दिले. रोज एक जेवण दोघांनी समोरासमोर बसून करायचं. घास घेतला की चमचा खाली ठेवायचा. जे जाणवेल ते एका वाक्यात सांगायचं, नाही जाणवलं तर तेही. ताट रिकामं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मग ती माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही 'कसं झालंय?' विचारायचं नाही. आणि काका, छान म्हणायचं नाही."

सुरुवातीचे दिवस काय सांगू! कुणी चोरून ऐकलं असतं तर आम्हाला वेड लागलंय असंच म्हटलं असतं. "गरम." "ओलं." "गिळताना घसरलं." मी काकड्या जाड कापायला लागले, पाव कडक भाजायला लागले, सफरचंद सालीसकट द्यायला लागले, म्हणजे दाताला तरी काही काम मिळावं. कधी ते चारपाच गोष्टी सांगायचे, कधी ताट पुढे ढकलायचे. "भिंत चावल्यासारखं वाटतंय," एकदा म्हणाले. मी ताट उचललं नाही. नियम म्हणजे नियम. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो आणि शेवटी त्यांनी अर्धा पाव तरी संपवला.

एका सुट्टीच्या दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर हे स्वयंपाकघरात खाली बसलेले. मांडीवर बिस्किटांचा जुना डबा आणि डब्यात नाक. मला बघून त्यांनी झाकण लावलं नाही.

"काही येतंय?" मी विचारलं.

"नाही. पण हा डबा कसल्या बिस्किटांचा होता ते सांगू शकतो. सगळी आठवतात मला, एकूण एक. प्रत्येकाचा वास शब्दांत लिहून द्यावा लागायचा ना." त्यांनी डबा खाली ठेवला. "तुझ्या मानेपाशी एक वास यायचा. तो मी कधी शब्दांत धरला नाही. गरजच नव्हती, तू होतीसच. आता शोधतो तर सापडत नाही."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि शेवटी त्या मुलीचंच वाक्य वापरलं. "आठवणीतलं सोडा. आत्ता आहे तेवढं सांगा."

त्यांनी माझ्या मानेवर कपाळ टेकलं. "ऊब आहे," म्हणाले. "कपडे धुतल्यामुळे केस ओले झालेत. नाडी लागतेय." मला त्यांची इतकी आठवण येत होती, आणि ते माझ्या खांद्यावरच तर होते.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलो तेव्हा वजनकाट्याचा काटा खाली सरकला नव्हता, पण वरही सरकला नव्हता. मुलगी म्हणाली, खाली नाही गेला हेच खूप आहे. मी मात्र दिवसभर धुमसत होते. मला काटा नको होता. मला तो माणूस हवा होता, जो दारातून आत येता येताच म्हणायचा, कांदा आज जास्त परतलास. त्या एका वाक्यासाठी मी जळलेला कांदा पातेलंभर खाल्ला असता.

त्या संध्याकाळी राग तसाच ठेवून मी स्वयंपाक केला. डाळ, भात, गाजराची भाजी. कापताना सुरी दाणदाण आपटत होते. ताटं मांडली आणि आम्ही बसलो. त्यांनी पहिला घास घेऊन चमचा खाली ठेवला. मी "गरम" ऐकायच्या तयारीत होते.

त्यांनी तोंड वाकडं केलं. "गाजर कच्चं राहिलंय."

"काय म्हणालात?"

"कडेला शिजलंय, मध्ये कच्चं आहे. दाताला करकर लागतंय. आणि हे बघ, एक तुकडा एवढा, एक तेवढा. कुणावर चिडून कापत होतीस?"

मी एक तुकडा चावून बघितला. मध्ये कच्चा होता. पण स्वभाव जातोय कुठे? "एवढं नाक मुरडायचं असेल," मी म्हटलं, "तर उद्यापासून स्वतः उभे राहा शेगडीपुढे."

इतक्या वर्षांत या वाक्याला त्यांनी दरवेळी तेच एक उत्तर दिलं होतं. मी त्याचीच वाट बघत होते.

"राहतो," ते म्हणाले. "कापतो मी, शिजवतोही मी. मीठ तेवढं तू बघ. मला कळत नाही."

एवढं बोलून त्यांनी दुसरा घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मला उठून मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारायचं होतं. पण ताट रिकामं होईपर्यंत उठायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी तिथेच बसून रडले आणि ते जेवत राहिले.