रबराच्या आतला माणूस

"त्यायचं तोंड कवा दाखवतात?" सुखीबाईने अंधारात दिराला विचारलं.

"थांब ना वहिनी. येईन आता," उत्तमसिंग पुटपुटला.

पुसदच्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ चालू होता. पडद्यावर पत्र्याचं यान चंद्रावर उतरलं. पुठ्ठ्याच्या डोंगराआडून एकडोळ्या राक्षस बाहेर आला, तसं थेटर हसलं.

त्या रबरी कातड्यात लालसिंग होता, सुखीबाईचा नवरा. धिप्पाड होता म्हणून मुंबईत त्याला हे काम मिळालं होतं. 'सिनेमा पुसदले येईन, तवा पाह्यजो,' असं त्याने पत्रात कुणाकडून तरी लिहवून पाठवलं होतं. पुढचं पत्र त्याच्या खोलीतल्या सोबत्याचं आलं. स्टुडिओच्या दिव्यांखाली, बंद पोशाखात लालसिंगचा जीव गुदमरला होता. तो हातपाय झाडत होता आणि लोकांना ते काम वाटलं. अग्नी तिकडेच दिला गेला.

तांड्यावर त्याचा एकही फोटो नव्हता. दोन वर्षांनी सिनेमा आला, तेव्हा सुखीबाई आठ कोस चालत आली ती फक्त तोंड पाहायला.

तोंड दिसलंच नाही. पण राक्षस चालता चालता थांबला, त्याने डावा खांदा उडवला. कापसाचं गाठोडं उतरवल्यावर लालसिंग असाच खांदा उडवायचा.

"थेच हायेत," ती म्हणाली.

शेवटी नायकाने बंदूक झाडली. राक्षस कोसळला, तडफडला, थंड झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

बाहेर आल्यावर ती टॉकीजच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "उत्तमसिंग, थे पडले ना... थे नाटकातलं पडणं होतं, का खरंच?"

उत्तमसिंगने मान खाली घातली. "मले नाही मालूम, वहिनी."

त्या रात्री ती पुसदलाच नात्यातल्या बाईकडे राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीच पुन्हा थेटरात जाऊन बसली. राक्षस आला, चालला, त्याने खांदा उडवला. ती डोळ्याची पापणी न लववता पाहत राहिली. नायकाने बंदूक उचलली, तशी ती उठली.

दारावरचा माणूस म्हणाला, "बाई, आखरी सीन राह्यला ना! आताच तर मजा हाय."

"राहू द्या," सुखीबाई म्हणाली.

तिने पदर डोक्यावर ओढला आणि उन्हात पाऊल टाकलं. आत पोरं अजून शिट्या मारत होती. म्हणजे तो अजून उभा होता. टाळ्या ऐकू येण्याआधी बाजार ओलांडायचा, म्हणून ती भराभर चालू लागली.