ऐकण्याची दहा मिनिटं

“काका, बाई गेल्या ना?”

मी दारातच होतो, हेल्मेटही काढलं नव्हतं. चर्चच्या मागच्या खोलीत अकरा मुलं डोळे मिटून बसली होती. शिकवायला कोणी नाही आणि एवढी शांत! त्यांतल्या एका आठ वर्षांच्या मुलीने, जिला सगळे बारकी म्हणतात, डोळे उघडून मला हे विचारलं.

“काहीतरीच काय बोलतेस?” मी म्हटलं. “हॉस्पिटलात आहे ती. मी निघताना माझ्याकडे चहा मागत होती. म्हणाली, मुलं ताटकळतील, जाऊन सांगा आज सुट्टी.”

“बरं,” असं म्हणून तिने पुन्हा डोळे मिटले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेहुणीचा होता. ती गेली, पाच मिनिटं झाली म्हणाली.

मी पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त करतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत काय बिघडलंय ते कळतं. ऐकणं मला येतं असं मी समजत होतो. माझी बायको, म्हणजे या मुलांच्या बाई, वीस वर्षं दर रविवारी मुलांना पहिल्या कम्युनियनसाठी, भाकरीच्या रूपात देवाला पहिल्यांदा घेण्यासाठी, तयार करायची. प्रार्थना पाठ करून घ्यायची, आणि शेवटी म्हणायची, “हे झालं पाठांतर. आता त्याच्याशी तुमचं तुम्ही बोला. भांडा, चुगल्या करा, हवं ते मागा. मग दहा मिनिटं गप्प बसा. देवालाही बोलू द्या की जरा!” त्या दहा मिनिटांत काय ऐकलं हे कोणी कोणाला विचारायचं नाही, असा तिचा नियम होता. ती स्वतःही विचारायची नाही.

“तुझी पोरं वायरलेसवर आहेत वाटतं,” मी घरी चिडवायचो.

“तुम्ही पंपाला कान लावता तेव्हा मी हसते का?” ती म्हणायची.

दफनानंतर फादर घरी आले. “सहा रविवार उरलेत. मुलांना सगळं माहीत आहे. तुम्ही नुसते बसा.”

“फादर, मला रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेतही डुलकी लागते.”

“मलाही लागते,” फादर म्हणाले. “या तुम्ही.”

पहिल्या रविवारी मी तिच्या खुर्चीवर बसलो. मुलांनी डोळे मिटले. मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता, बाकी काही नाही. बारकी मान तिरकी करून बसली होती, कोणी कानाशी येऊन बोलावं तशी. मधेच तिने होकारार्थी मान हलवली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

सगळे गेल्यावर मी तिला थांबवलं. “बाईंचं काही कळतं का गं?”

“विचारायचं नसतं, काका.”

“मला चालतं. मी बाईंचा नवरा ना?”

ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, “बाईंना आता थंडी वाजत नाही.”

शेवटच्या रात्री बायकोला हुडहुडी भरली होती. दोन ब्लँकेटांवर मी माझा स्वेटर घातला होता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मला आठवडा काढणं कठीण झालं. मी पंपापाशी उभा असायचो आणि रविवार मोजायचो. दुसऱ्या रविवारी विचारलं, तिसऱ्या रविवारी विचारलं. बारकी एकेक वाक्य सांगायची आणि पळायची. मला हवं होतं ते वेगळंच होतं. चौथ्या रविवारी मी सगळ्यांसमोरच तिच्यापुढे उकिडवा बसलो.

“जाताना मी तिथे नव्हतो, तेव्हा बाईंनी मला हाक मारली का? विचार देवाला.”

तिने डोळे मिटले. बाकीची मुलं डोळे उघडून आमच्याकडे बघत होती.

“तो बोलत नाही, काका.”

“नीट ऐक.”

“डोळे मिटले की तुमचाच आवाज येतो. ‘विचार, विचार’ असा. घरी पण येतो.”

तेव्हा मला दिसलं की मी तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

पाचव्या रविवारी बारकी आली नाही. तिची आजी आली. “काय झालंय हो पोरीला? तोंड धुतानासुद्धा डोळे मिटत नाही. साबण जातो, रडते, पण उघडेच ठेवते.” मी म्हटलं, मला काय माहीत. आजी माझ्याकडे बघत राहिली आणि गेली.

कम्युनियनला ये म्हणून फादरांनी बारकीची समजूत काढली. ती त्यांना म्हणाली, “ज्याच्याशी माझं बोलणं नाही, त्याला मी कसं घेऊ?” फादरांनी मला हे कौतुकाने सांगितलं. म्हणाले, एवढीशी पोर, पण कसं बोलते बघा. पुढच्या वर्षी घेईल.

कम्युनियनच्या दिवशी दहा मुलं पांढऱ्या कपड्यांत वेदीपुढे गेली. बारकी शेवटच्या बाकावर आजीला चिकटून बसली होती. प्रार्थनेला सगळ्या चर्चने डोळे मिटले. मी मिटले नाहीत, म्हणून मला ती दिसली. तीही टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

तिचं घर पंपहाऊसच्या रस्त्यावर आहे. रोज दोनदा मी त्या दारावरून जातो. चूक माझी होती, देव तुझ्यावर रुसलेला नाही, एवढंच तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.