आमेनची जागा

कोरिनने व्यासपीठाची पायरी चढताना कठडा धरला.

"सिस्टर कोरिन, सातच मिनिटं हं," पास्टर मर्ल म्हणाले. "नाहीतर हौदातलं पाणी गार होईल."

मंडळी हसली. बाप्तिस्म्याच्या रविवारी, नवी माणसं पाण्यात उतरण्याआधी कोरिनची साक्ष, म्हणजे ती प्रभूकडे कशी आली त्याची गोष्ट, हे पन्नास वर्षं ठरलेलं. डोंगरातली हिप्पी वसाहत, गांजा, प्रेमाच्या बाता. मग तान्ह्या पोरीला ताप असताना तिच्या बापाने, वेंडेलने, दोघींना थंडीत बाहेर काढलं, आणि या चर्चने दार उघडलं. या वाक्याला सगळे 'आमेन' म्हणत.

ती पोर दुसऱ्या बाकावर होती. वसाहतीत तिचं नाव क्लोव्हर. चर्चने रूथ ठेवलं. वेंडेलचं नाव आलं की रूथ दरवर्षी कॉफी बघायला उठे.

आज येताना गाडी चालवता चालवता ती म्हणाली होती, "आई, बाबा गेला. मंगळवारी. आत्याचा फोन होता."

"देव त्याला शांती देवो."

"आत्या म्हणाली, ट्रकमधून आपल्याला चर्चच्या दारात सोडलं, ते तो शेवटपर्यंत सांगायचा. कुठला ट्रक, आई?"

"जुन्या गोष्टी गं त्या."

"मीही जुनीच आहे."

पहिल्या वर्षी साक्षीत ट्रक होता. तेव्हाच्या पास्टरांनी मायेने सांगितलं होतं, "बाई, अंधार पुरता काळा दाखवा. लोकांना उजेड दिसायला हवा." तिने ऐकलं. प्रभूने तिला सावरलं होतं, ते तर खरंच होतं.

आता व्यासपीठावर वाक्यं आपोआप येत होती. डोंगर, गांजा. "आणि वेंडेलने..."

रूथ उठली. पुढच्या बाकांवरच्या लोकांनी आमेनसाठी श्वास घेतला.

कोरिनने बायबल मिटलं.

"वेंडेलने आम्हांला ट्रकमध्ये घातलं. स्वतःचा कोट पोरीला गुंडाळला. म्हणाला, 'त्यांच्याकडे शेगडी आहे, तिथे ती जगेल.' तो दारातूनच परत गेला. आम्ही त्याला आत बोलावलं नाही."

कोणी आमेन म्हटलं नाही. पास्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

रूथ दारापाशी पाठमोरी उभी होती. दाराच्या मुठीवरचा हात तसाच राहिला होता.

"क्लोव्हर," कोरिन म्हणाली, "बस गं. अजून दोन मिनिटं आहेत."