माझ्या पोटात कट् झालं

मी एक जुनं खोगीर आहे मित्रांनो, आणि मला एवढं काही सांगायचंय की कुठून सुरू करू तेच कळत नाहीये. घोड्याच्या पाठीवर स्वार बसतो ना, त्याच्याखालचं कातडी आसन म्हणजे मी. वरून मऊ दिसतो, पण माझ्या पोटात लाकडाचा सांगाडा आहे. ज्या कारागिरानं मला शिवलं, तो मला थोपटत म्हणाला होता, "कातडं उसवलं तर शिवता येतं. आतलं लाकूड मोडलं की खेळ संपला, घोड्याच्या पाठीत रुततं ते."

मग मी ताईकडे आलो. ताई तेव्हा एवढीशी, घोड्यावर चढायला तिला स्टूल लागायचं. रोज सकाळी आम्ही मैदानात. उडी, धप्प, परत उडी. जिंकलो की घोड्याला गाजर, ताईला टाळ्या आणि मला साबणाचा मऊ हात. मग ताईचे पाय लांब झाले, ती माझ्यात मावेना, आणि मी कपाटावर जाऊन पडलो. शेजारी एक बंद पडलेला पंखा. तो तर बोलायचाही नाही.

आणि एक दिवस ताईनं मला खाली काढलं, पुसलं आणि चक्क माझे फोटो काढले. अगदी खालूनसुद्धा, मला लाजच वाटली. मला विकायला ते मोबाईलवर टाकले आणि लांबच्या गावातल्या एका मुलीनं मला पसंत केलं. घरचे तिला चिमणी म्हणतात. तिच्या आधीच्या खोगिरानं घोडीच्या पाठीला जखम झाली होती, ती आत्ता कुठे भरली होती.

"रविवारी आमची पहिली शर्यत आहे," चिमणी फोनवर म्हणाली. "नीट पॅक कराल ना ताई? टपालाचा खर्च आई देतेय, पण मोडकं आलं तर ती परत कध्धीच ऑनलाईन घेऊ देणार नाही."

"तू नको काळजी करू," ताई म्हणाली आणि आंघोळीला गेली. तेवढ्यात ताईचे बाबा उठले. पॅकिंग, त्यात काय मोठंसं. त्यांनी मला प्लॅस्टिकमध्ये करकचून गुंडाळलं आणि टीव्हीच्या चपट्या खोक्यात घातलं. झाकण काही बसेना. मग त्यांनी वरून गुडघा दिला.

कट्.

मी थिजलोच. माझं लाकूड?

ताई केस पुसत आली. "बाबा, हे टीव्हीचं खोकं आहे."

"मग? चामडंच तर आहे. काचेची बरणी आहे का ती?"

"त्याच्या पोटात लाकूड आहे. आणि प्लॅस्टिकमध्ये कोंडलं तर बुरशी येईल."

"बरं बाई, तूच कर."

गुडघ्याचं मात्र बाबा अवाक्षर बोलले नाहीत, आणि मला कुठं बोलता येतंय.

ताईनं मोठं खोकं आणलं. पाय ठेवायच्या लोखंडी रिकिबी सोडवल्या आणि एकेका जुन्या मोज्यात घातल्या, म्हणजे मला ओरखडा नको. मला चादरीत गुंडाळलं. खालच्या पोकळीत, चारी बाजूंनी, वर, नुसते कागदाचे बोळे.

"किती ती खोगीरभरती," बाबा म्हणाले.

"खोगिराला नाही करायची तर कुणाला करायची?"

शेवटी झाकणाच्या फटीखाली तिनं एक जाड पुठ्ठा सरकवला. तो कशाला ते मला नंतर कळलं. निघताना मागून बाबांचा आवाज आला, "माझा चष्मा पाहिलास का गं?"

मग काय सांगू, मला फेकलं, उलटं ठेवलं, वर कायतरी जडशीळ आदळलं. बोळ्यांनी सगळं झेललं. पण मला एकच घोर, ते कट्.

चिमणीच्या आईनं खोक्याचा चेपलेला कोपरा बघितला. "बघ, सांगत होते ना मी." आणि भाजीची सुरी घेऊन फटीत खुपसली. खच्च. पुठ्ठ्यातच अडकली, मित्रांनो, माझ्यापासून बोटभर लांब.

चिमणीनं मला बाहेर काढून उराशी धरलं आणि थेट तबेल्यात नेलं, आई मागोमाग. तिथल्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आण इकडे, आधी तपासू." त्यांनी माझी मागची बाजू स्वतःच्या पोटाशी टेकवली, पुढची दोन्ही हातांनी धरून जोरात दाबली. मोडका सांगाडा असा दाबला की वाकतो, कुरकुरतो. चिमणीनं डोळे मिटले. मीही मिटले असते.

काही नाही. आवाजच नाही.

"ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. चिमणी जी नाचायला लागली. बाईंनी पट्टा लावायला माझी बाजूला लोंबणारी कातडी झडप उचलली, तर आतून टपकन चष्मा पडला. एक काडी मोडलेली. कट् झालं होतं ते हे. मला गुंडाळताना बाबांच्या खिशातून घसरला असणार, आणि गुडघ्याखाली मोडला.

"आई, हा ताईंकडे परत पाठवायला लागेल," चिमणी म्हणाली.

"दे, टाकते पाकिटात."

"पाकिटात?" चिमणीनं कमरेवर हात ठेवले. "काच आहे ती."

तर मित्रांनो, जुनी वस्तू पाठवताना तिच्या पोटात काय आहे ते आधी विचारा, मग खोकं शोधा. मी रविवारी धावणार आहे. आणि बाबांचा चष्मा रिकिबीच्या मोज्यात बसून, कागदाच्या बोळ्यांत, घरी निघालाय.