इंजनातला साहेब

"साहेब पेतोय! साहेब पेतोय! कुणी शिंकू नका रं!"

नदीच्या ऐन मधोमध हंबीररावाची मोटारबोट बंद पडली होती आणि बोटीतली माणसं, दोन शेळ्या आणि कोंबड्यांची एक डालगी, सगळी श्वास रोखून बसली होती. मळीवाडीच्या घाटावर तर जत्रा भरली होती. इंजनापाशी उभा होता फिरंगीबाबा. अंगात भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांच्या माळा आणि डोक्यावर, कुठून पैदा केली होती देव जाणे, गोऱ्या साहेबाची सोला हॅट.

"यस सर! व्हाय सर! नो नदी, नो पाणी, ओन्ली कटलेट! गुड मॉर्निंग, गुड नाईट, ॐ ह्रीं फट् स्वाहा!"

असं गरजून बाबानं डिझेलच्या टाकीचं शेंदूर फासलेलं झाकण पिरगाळलं. झाकण सैल झालं तसा आतून आवाज आला, "सूंऽऽऽक!" तहानलेल्या माणसानं बशीतला चहा ओढावा तसा.

"घेतला! साहेबानं घोट घेतला!"

झालं! माणसांचे हात आपोआप जोडले गेले. बाबानं रमच्या बाटलीतलं चमचाभर टाकीत ओतलं, उरलेली बाटली कफनीच्या आत गडप झाली. झाकण पुन्हा बसलं, त्यावर शेंदराचा ताजा थर चढला. हंबीररावानं दोनचारदा हँडल मारलं आणि इंजन भक् भक् करत जिवंत झालं.

हात जोडले नव्हते ते एकट्या मनुबाईनं. ही हंबीररावाची बायको. भूतबीत असेलही, नसेलही, तिचं त्यावर काही भांडण नव्हतं. पण दारू प्यायची इंजनातल्या साहेबानं आणि झोकांड्या जायच्या बाहेरच्या बाबाच्या, हा हिशेब काही तिला पटत नव्हता.

ही बोट लष्कराची. लढाई संपली, साहेब लोक गाशा गुंडाळून विलायतेला गेले आणि जाताना वापरलेल्या सामानाचे डोंगर मागं टाकून गेले. पुण्याला त्याचा लिलाव झाला. हंबीरराव पलटणीतून नुकताच सुटून आला होता. तिथं त्यानं पाच वर्षं लंगरात चपात्या भाजल्या होत्या, पण गावात सांगताना "आमी इंजनावर हुतो" असं सांगायचा. चुलीचं इंजन म्हटलं तर खोटंही नव्हतं म्हणा! तर त्यानं ही जुनी बोट उचलली आणि मळीवाडीच्या घाटावर आणून बांधली. पलीकडच्या काठाला बाजार, मिरजेची मोटार, दवाखाना, सगळंच. श्रावणापासून बोट अशी चालली, की बघत राहावं.

मग आला दसरा. दसऱ्याला आपल्याकडं कोयता पुजतात, नांगर पुजतात, तराजू पुजतात, मग बोटीनंच काय घोडं मारलंय? हंबीररावाची आई राहीबाई शेंदराची वाटी घेऊन बोटीत चढली. आता इंजनाचं तोंड कुठलं? टाकीचं पितळी झाकण सगळ्यात उंचावर, गोल, लखलखीत. म्हातारीला तो देवाचा मुखवटाच वाटला. तिनं तेलात कालवलेला शेंदूर त्यावर बोटभर थापला, जत्रेतले चांदीचे डोळे चिकटवले आणि मग दर शनिवारी एक थर चढवायचा नेमच धरला.

आणि दसऱ्यापासूनच बोट नदीच्या मध्यावर अडायला लागली. कधी आपसूक सुरू व्हायची, कधी वल्ही मारून काठाला आणायला लागायची.

तेवढ्यात हा बाबा उगवला. बोटीत बसला, कान लावला, नाक लावलं, झाकणावरून बोट फिरवलं आणि डोळे पांढरे करून म्हणाला, "हिच्यात एक कप्तान साहेब मेलाय. रम पिता पिता मेलाय. त्याचा आत्मा टाकीत अडकलाय."

"बघा की गड्या," आकाराम तांबोळ्याच्या दुकानावर चर्चा झाली, "आख्खा देश 'चले जाव' म्हणून घसा फोडत हुता. समदं गेलं. ह्यो एकच ऱ्हायला, त्यो बी आमच्याच इंजनात!"

कोंडीबा धनगर नेहमी बोटीतनं मेंढरं न्यायचा. तो म्हणाला, "त्यात काय? बैलाच्या खुराला ठोकत्यात तशी पत्री ठोकू की त्येच्या तळपायाला. मोठमोठं वाकडं सरळ झालं पत्रीनं."

"अरं, भुताचं पाय उलटं असत्यात! पत्री ठोकायची कुठल्या अंगाला?"

हे मात्र कोंडीबाला सुचलं नव्हतं. तो दिवसभर मेंढरांचे पाय उलटेपालटे करून बघत होता.

तेव्हापासून बाबाशिवाय बोट सुटेना. साहेबाला रोज रम, अंडी, बिस्किटं आणि बुधवारी कोंबडी लागायला लागली. साहेब खायचा, बाबाचं पोट सुटायचं. आणि एके दिवशी बाबानं घाटावर जाहीर केलं, "साहेब आता हट्टाला पेटलाय. त्याला घरी जायचंय. येत्या सोमवारी बोट मी घेऊन जाणार. नदीनं समुद्रात, समुद्रातनं विलायतेला. न दिली तर हंबीररावाचा वंश बुडंल!"

बोट घेऊन जाणार म्हणजे कायमची. राहीबाईनं पदर तोंडाला लावला. हंबीररावानं मान खाली घातली आणि घरी येऊन माळ्यावरची पलटणीची पत्र्याची ट्रंक खाली काढली.

"ही कशाला?" मनुबाईनं विचारलं.

"बोट गेल्यावर हितं काय माशा मारू? मुंबैला गोदीत जातो. आपल्यातली लय जणं हायत तिथं."

पाच वर्षं तिनं ह्या माणसाची वाट बघितली होती. टपालवाला दारावरून पुढं गेला की सुटका झाल्यासारखं वाटायचं, आणि दारात थांबला की वाईट खबरीच्या भीतीनं ती दार लावून घ्यायची. हा माणूस परत आला होता तो आता जन्मभर इथंच राहायला. आणि त्याला घरातून घालवत होतं कोण? तर एक कटलेटवाला साहेब! तिला असा राग आला, असा राग आला, की तिनं भाकरीचं पीठ परातीत नुसतं आपटलं.

दिवेलागणीला कंदिलात घालायला रॉकेल हवं होतं. नवा सीलबंद डबा आणलेला. हंबीररावानं दाभणानं त्याला एक भोक पाडलं आणि डबा वाकडा केला. बुडुक् झालं, चार थेंब पडले आणि धार थांबली.

"ह्यात बी साहेब बसला का काय!" हंबीरराव वैतागून म्हणाला.

"चपात्याच भाजल्या तुमी पलटणीत," मनुबाई म्हणाली. "एका भोकानं तेल येतंय व्हय? वारा आत जायला दुसरं भोक नको?" तिनं दाभण हिसकावून घेतलं आणि डब्याच्या वरच्या कोपऱ्यात टोचलं.

सूंऽऽऽक!

आणि खालून तेलाची धार लागली. मनुबाई दाभण हातात धरून तशीच बसून राहिली. कंदील भरला, भरून वाहायला लागला, तरी तिचं ध्यान नाही.

"आवं," ती हळूच म्हणाली, "त्या टाकीच्या झाकणाला कुठं भोक हुतं का वो?"

"हुतं की. मोहरीएवढं. आईनं शेंदूर लावला त्यात बुजलं. म्हटलं बरं झालं, तेवढाच कचरा जायचा न्हाई आत."

मनुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पण नवऱ्याला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर तो आईला विचारायला गेला असता, आईनं बाबाला विचारलं असतं आणि बाबानं मनुबाईच्याच अंगात मडमेचं भूत आहे म्हणून सांगितलं असतं.

सोमवार उजाडला. साहेबाला निरोप द्यायला पंचक्रोशी लोटली. हलगी वाजत होती. बाबानं आज हॅटला झेंडूची माळ गुंडाळली होती. बोट पलीकडं जायची, तिथं माणसं उतरायची आणि तिथून पुढं बाबा आणि साहेब दोघंच, असं ठरलं होतं. बोट सुटली आणि नेमानं मध्यावर येऊन बंद पडली.

"व्हाय सर!" बाबानं हॅट सावरली. "साहेब शेवटचा घोट मागतोय!"

"थांबा बाबा," मनुबाई उठली. "आज साहेबाची पाठवणी. घरच्या सुनंनं पाव्हण्याला रिकाम्या हातानं धाडू नये. आज मी पाजते."

"पाजू दे की," राहीबाईनंच भर घातली. "चांगली बुद्धी सुचलीया पोरीला."

बाबा "नो नो, लेडीज नो" म्हणेपर्यंत मनुबाई टाकीपाशी पोहोचली होती. तिनं पदरातलं दाभण काढलं आणि शेंदरातून बरोबर भोकावर खुपसलं.

सूंऽऽऽक!

झाकण उघडलं नव्हतं. रमचा थेंब पडला नव्हता. मंत्र तर बाबाच्या घशातच होता.

"मारा हँडल," ती नवऱ्याला म्हणाली. हंबीररावानं मारलं. एकदा, दोनदा, आणि भक् भक् भक्!

सगळी बोट बाबाकडं बघायला लागली. बाबानं घाम पुसला. "साहेब... साहेब घाबरून पळाला!"

"पळाला? लय चांगलं झालं! मग बोट कशाला न्हेता?"

"न्हाई न्हाई, आत हाय! आतच हाय!"

"आत हाय, तर रम न घेता उठला कसा?"

कोंडीबा धनगर खदखदून हसला. मनुबाईनं बाबाच्याच वाटीतला शेंदराचा गोळा घेतला, बोटानं भोक पुन्हा बुजवलं आणि पदर खोचून म्हणाली, "आता तुमचा सगळ्यात मोठ्ठा मंत्र म्हणा. इंजन थांबू देऊ नका. व्हा सुरू."

बाबानं सुरू केलं. यस सर, प्लीज सर, कटलेट, आमलेट, ॐ फट्, गॉड सेव्ह, सगळं सगळं म्हणून झालं. बोट नदीत गोल गोल फिरत राहिली. थोड्या वेळानं इंजन खोकलं, कण्हलं आणि गप्प झालं. मनुबाईनं दाभण टोचलं. सूं झालं, हँडल बसलं, इंजन सुरू.

"बायांनो," मनुबाई बाजारच्या बायकांकडं वळली, "रॉकेलच्या डब्याला दोन भोकं का पाडता गं?"

"एकानं तेल येत न्हाई म्हणून!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

"का येत न्हाई?"

"वारा आत जात न्हाई, मग तेल भायेर कसं येणार?"

"मग ह्या टाकीचं वाऱ्याचं भोक बुजल्यावर इंजनाला तेल कसं मिळणार? टाकीत हुतं तेवढ्या वाऱ्यावर मध्यापर्यंत यायचं आणि बसायचं. झाकण काढलं की वारा सूं करून आत. त्यो साहेबाचा घोट!"

बायका आधी समजल्या. मग त्या अशा हसत सुटल्या, की शेळ्या दचकून ओरडायला लागल्या. पुरुषांना जरा वेळ लागला, कारण त्यांनी जन्मात कंदील भरला नव्हता.

हंबीरराव बाबाजवळ गेला. "पवाय येतंय का बाबा?"

बाबानं चहूकडं पाणी बघितलं. "न्हाई."

"मग खरं बोला."

बाबा मटकन खाली बसला. हॅट मांडीवर घेतली. "गुंडा माझं नाव. मिरजंला मोटारअड्ड्यावर क्लीनर हुतो. झाकण बघितल्याबरुबर समजलं. पोटासाठी केलं हो."

"पोटासाठी केलं ते दिसतंयच," कोणीतरी त्याच्या ढेरीकडं बोट दाखवलं.

कोंडीबा हळूच वाकून गुंडाचे पाय न्याहाळत होता. "ह्येचं पाय सरळ हायत रं!" तो हरखून ओरडला. "पत्री आणू का?"

पत्री काही कोणी ठोकली नाही. गुंडाला शिक्षा एवढीच झाली, की गुढीपाडव्यापर्यंत हँडल त्यानं मारायचं आणि डिझेलची गाळणी त्यानं धुवायची. ते काम त्याला झकास येत होतं. हे बाबा होण्याआधीच त्याच्या लक्षात आलं असतं, तर त्याचं आणि आमच्या कोंबड्यांचं, दोघांचंही भलं झालं असतं.

राहीबाई मात्र खाली मान घालून बसली होती. "म्हंजी माझ्याच शेंदरानं बोट अडत हुती व्हय गं?" तिनं विचारलं.

मनुबाईनं सासूचा हात हातात घेतला. "देवाला शेंदूर लावा की आत्याबाई, कोण नगं म्हणतंय? फक्त नाकात बोळा घालू नका."

म्हातारी बोळकं पसरून हसली.

पत्र्याची ट्रंक परत माळ्यावर गेली नाही. ती आता बोटीत असते. तिच्यात नट आवळायचे पाने, चिंध्या, तेलाचा डबा आणि एक दाभण आहे. राहीबाईचा शनिवारचा नेमही चालू आहे. ती अंघोळ करून येते, शेंदराऐवजी दाभण घेते, झाकणाचं भोक साफ करते आणि मगच नमस्कार करते. त्या सोमवारनंतर बोट एकदाच बंद पडली, ती डिझेल संपलं म्हणून.

तेव्हा बाबांनो, इंजन अडलं तर नारळ फोडायच्या आधी झाकण बघा. गाळणी बघा, तेल बघा, नळी बघा. भूत शोधायला निघालेल्याला भूतच सापडतं, आणि भोक शोधायला निघालेल्याला भोक. नदी ओलांडायला मात्र भोकच कामाला येतं. आणि "का?" असं विचारायला मिरजेला जाऊन डॉक्टर व्हावं लागत नाही. ते घरात कंदील भरतानासुद्धा विचारता येतं. मनुबाईनं विचारलं, म्हणून तिचा नवरा रोज संध्याकाळी डिझेलनं माखलेले हात घेऊन घरी जेवायला येतो.