पिवळ्या डोलीची पिन

लेकीचा, तहरीमचा, निकाह झाला त्या २००६ सालच्या हिवाळ्यात, वलगावच्या पुढे पेढी नदीच्या काठावर भरलेल्या जत्रेत, हलीमाबी हातात कपबशी घेऊन आकाशपाळण्याखाली उभी होती. वर बघून ती पुन्हा ओरडली.

"अजी, च्या थंडा होऊन राह्यला!"

वर सांगाड्यात पाय अडकवून बसलेल्या मुनव्वरनं मानही वळवली नाही. त्याच्या हातात लहान हातोडी होती. डोली ज्या पिनेवर लटकते त्या पिनेच्या डोक्यावर तो एक ठोका मारी, जरा थांबे आणि पुढच्या डोलीकडे सरके.

"ऐकूच नका तुमी," ती म्हणाली. "बायकोच तर हाय. रोजच बोंबलते."

मग तिनं तो चहा स्वतःच पिऊन टाकला आणि बशी पदराला पुसली.

पोरीच्या लग्नापासून नवऱ्याचं हे असंच चाललं होतं. भाजी कोणती करू विचारलं तर "हो" म्हणे. तेल संपलं म्हटलं तरी "हो". लग्नाच्या दिवशी काझीसाहेबांनी काही विचारलं तेव्हाही हा सतरंजीकडे बघत बसून राहिला होता. बापाचा जीव भरून आला, असं म्हणून पाहुण्यांनी डोळे पुसले. हलीमाबीच्या भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला मात्र तेव्हाही रागच आला होता. पोरगी तिचीही होती, आणि काझींना जबाब द्यायला ती पडद्याआडून उठून येऊ शकत नव्हती.

"अब्बाचं झालं का नाई?" वकार जनरेटरजवळून आला. तिचा हा मोठा मुलगा तिकिटं फाडी आणि इंजिन सांभाळी. "त्या तिकडच्या ब्रेक डान्सच्या झुल्यावाल्यानं दोन गाड्या पब्लिक भरली. आपन अजून ठोकतच बसलो."

"मले काय सांगतं? वर जा, त्याहिले सांग."

"सांगतलं. हो म्हनले."

मायलेकांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही तोंडं फिरवली.

त्या वर्षी कापसानं लोकांचे हात असे आखडून ठेवले होते की माणसं जत्रेला येत, मान वर करून पाळणा बघत आणि पोट्ट्यांच्या हातात रेवडी ठेवून पुढे निघून जात. बसणारे काय ते रविवारी. आज रविवार होता. जत्रा कमिटीचे अध्यक्ष पंजाबराव यांनी आदल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं की पाळणा असाच अर्धा दिवस बंद राहिला तर पुढच्या सालापासून ही जागा नागपूरच्या पार्टीला जाईल. पंजाबराव माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याही मागे लोक लागले होते.

मुनव्वरची तपासणीची पद्धत त्याच्या बापाकडून आलेली होती. दरवर्षी लोखंडाला नवा रंग द्यावाच लागतो, नाही तर गंज खातो. पण रंगाखाली तडा गेला तर तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो ठोकून बघे. चांगली पिन पितळेच्या वाटीसारखी वाजते. आतून गेलेली पिन ओल्या लाकडावर मारल्यासारखी दबून बोलते. पूर्वी जरा शंका आली तरी तो डोली उतरवून घेई. हलीमाबी लग्न होऊन आली तेव्हापासून हे ठोके पाळण्याखाली चूल पेटवताना, तांदूळ निवडताना, पोरांना पाजताना ऐकत आली होती. मुद्दाम कधी ऐकले नव्हते. घरातल्या घड्याळाकडे कुठे कोणी लक्ष देतं?

ती कपबशी विसळायला वाकली. वर ठोका पडला. टण्ण. मग पुढचा, टण्ण. मग पिवळ्या डोलीवर पडला, आणि तो दबका आला.

हलीमाबी वाकलेलीच राहिली. आता तो परत मारील, असं तिला वाटलं. आता पाना मागेल, वकारला हाक मारील. पण तो त्याच चालीनं पुढे सरकला आणि पुढच्या पिनेवर ठोका मारला. टण्ण. मग उरलेल्या डोल्या. मग तो सावकाश खाली उतरला आणि वकारला म्हणाला, "ठीक हाय. लाव इंजिन."

वकार पळाला. मुनव्वर हलीमाबीकडे पाठ करून डिझेलच्या बोळ्यानं हात पुसू लागला. ती त्याच्या मागे हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"तुमच्या पायाशी साप हाय."

मुनव्वर बोटांच्या फटी पुसत राहिला.

"माय वं!" शेजारची फुटाणेवाली मैनाबाई किंचाळली आणि फुटाण्यांची पाटी लोटून बाकड्यावर चढली. "कुठी हाय? कुठी हाय साप?"

चार माणसं धावली, कोणी काठी घेतली. मैनाबाईला बाकड्यावर बघून मुनव्वर वळला आणि म्हणाला, "हिले काय झालं?"

"काही नाई," हलीमाबी म्हणाली. "दोरी होती."

मैनाबाईनं खाली उतरून सांडलेले फुटाणे गोळा करता करता तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं. हलीमाबीला त्यातलं काही लागलं नाही. तीस वर्षं हा माणूस त्या जनरेटरच्या शेजारी बसला होता. ती ज्याला हट्ट म्हणत होती, उर्मटपणा म्हणत होती, ते हे होतं. आणि त्यानं ते कोणालाही कळू दिलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

राग कमी झाला नाही. उलट वाढला. आता त्याला जायला जागाही राहिली नव्हती.

बोलून टाकावं, तर समोर पंजाबराव मोटारसायकल लावत होता. मिस्त्रीला ऐकू येत नाही, एवढं एक वाक्य जत्रेत सुटलं असतं तर वऱ्हाडातल्या कुठल्याही कमिटीनं या पाळण्याला जागा दिली नसती. वकारला कळलं असतं तर तो संध्याकाळीच लोखंड विकायला काढून नांदगाव पेठेच्या कारखान्यात नाव घालायला गेला असता. आणि तोंड बंद ठेवावं, तर पिवळी डोली. पोरं आधी पिवळ्या डोलीकडेच धावतात.

या पाळण्याची एक रीत होती. जत्रा कुठलीही असो, दिवसाचा पहिला फेरा घरच्या बाईचा. मालकाची बायको बसून, फिरून, खाली उतरल्याशिवाय पहिलं तिकीट फाटत नसे. हलीमाबीच्या सासूनं तो फेरा घेतला होता, आता ती घेई. गावोगावचे लोक ते बघायला थांबत. बाई हसत उतरली की पोरं रांग मोडून पुढे येत.

इंजिन धडधडलं. वकारनं खालच्या डोलीचा आडवा दांडा उघडून धरला.

"चाल अम्मी."

"मी नाई बसत."

"काय?"

"बसत नाई म्हनलं."

वकारनं कपाळावर हात मारला. मुनव्वरनं लेकाचा हात बघितला, बायकोचं हलणारं डोकं बघितलं आणि काय ते त्याला समजलं. "बस ना वं! नखरे कायचे करतं? लोक उभे हायेत."

पंजाबराव जवळ आला. "भाबी, सकाळपासून पोट्टे रडून राह्यले. काय पायजे ते सांगा. नारळ फोडाचा का? साकर वाटाची का?"

हलीमाबीनं पदर डोक्यावर नीट घेतला. तिला बोलताना अडखळायला झालं, पण लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ घेतला.

"सपन पडलं मले," ती म्हणाली आणि हात लांब करून वर दाखवलं. "मायी माय त्या पिवळ्या डोलीत बसली होती. म्हने, बाई, हिची पिन बदलल्याबिगर कोनाले बसू देऊ नको."

"पिन म्हनली नानी?" वकार ओरडला. "नानीले पिन कायले म्हनतात थे तरी मालूम होतं का?"

"मेल्यावर मानसाले सगळं मालूम होते," मैनाबाई भट्टीपासून म्हणाली. सापाचा राग अजून होता, पण स्वप्नाच्या बाबतीत ती कोणाची चेष्टा चालू देत नसे.

कमिटी, जागा, नागपूरची पार्टी या सगळ्यावर पंजाबरावाकडे बोलायला पुष्कळ होतं. मेलेल्या आईवर काही नव्हतं. तो नुसता घड्याळ बघू लागला.

"काय म्हनते हे?" मुनव्वरनं लेकाला विचारलं. वकारनं वैतागून बापाच्या तोंडासमोर जाऊन सगळं सांगितलं, हातवारे करून, आईची नक्कल करून.

"सपन?" मुनव्वर म्हणाला. "इले? हे पडल्याबरोबर घोरते. इले कधी सपन पडलं नाई."

"पडलं नाई तर नाई," वकार म्हणाला. "काढून दाखवा एकडाव पिन तिले. नाईतर दिवसभर अशीच खांबावानी उभी राहीन. तुमाले मालूम हाय ना तिचं."

मुनव्वरनं इंजिन बंद करायला लावलं. चाक हातानं ओढून पिवळी डोली खाली आणली, तिच्याखाली लाकडी ठोकळे सारले आणि रागारागानं पिन ठोकून बाहेर काढली. ग्रीस पुसलं. ती पंजाबरावाच्या नाकासमोर धरून तो "पाहा" असं म्हणणारच होता, तेवढ्यात त्याचा अंगठा मध्येच थांबला. त्यानं पिन उन्हात फिरवली. मानेजवळ केसाएवढी रेघ होती. त्यानं नख फिरवलं. नख अडकलं. रेघ आतून काळी पडली होती, म्हणजे कालची नव्हती.

तो ठोकळ्यावर बसला. पिन दोऱ्यात अडकवून त्यानं कानापाशी धरली आणि हातोडीनं हलकेच ठोकली. मग जोरात. मग दुसऱ्या कानापाशी नेली आणि पुन्हा ठोकली. भोवतीच्या लोकांना तो दबका आवाज स्पष्ट आला. मुनव्वर पिनेकडे बघत राहिला.

मग त्यानं मान वर करून हलीमाबीकडे बघितलं. ती मैनाबाईच्या कढईतली तापलेली वाळू बघत होती.

"भाबीचं सपन खरं निघालं!" पंजाबरावच आधी ओरडला.

"दुसरी आन," मुनव्वर वकारला म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "सगळ्याच काढ."

"सगळ्या? अब्बा, आज ऐतवार हाय!"

"सगळ्या."

दुपार कलली तेव्हा पाळणा फिरला. हलीमाबी बसली, उतरली, हसायचं म्हणून हसली. पंजाबराव सकाळपासून जागेवरून हलला नव्हता. तोंडानं शिव्या देत होता आणि येईल त्याला स्वप्नाची गोष्ट सांगत होता. ती गोष्ट ब्रेक डान्सच्या पलीकडे पोचली, भांड्यांच्या दुकानांत पोचली, आणि एरवी रेवडी देऊन निघून गेली असती अशी माणसंसुद्धा पिवळ्या डोलीत बसायला रांगेत उभी राहिली. पंजाबराव जाताना म्हणाला, "पुढच्या साली इथंच लावा. पन सपन जरा लवकर पडू द्या."

हलीमाबीचे खरे हाल त्यानंतर झाले. एक बाई पोरीचं लग्न कधी होईल विचारायला आली. एकाची म्हैस हरवली होती. तिनं किती सांगितलं की मला काही दिसत नाही, तरी म्हातारा हात जोडून बसूनच राहिला. शेवटी तिनं वैतागून त्याला वलगावचा रस्ता दाखवला आणि म्हैस तिकडेच असेल म्हणाली.

दिवेलागणीला गर्दी ओसरली. ती भाकरी थापत होती. मुनव्वर येऊन समोर बसला. रोज बाजूला बसे.

"सपनात तुया मायनं काय घातलं होतं?" त्यानं विचारलं.

"हिरवं लुगडं," ती मोठ्यानं म्हणाली, इतक्या मोठ्यानं की पलीकडे मैनाबाईनं वळून बघितलं.

"तुयी माय हिरवं घालत नोती."

हलीमाबीनं भाकरी उलटली. मग पुन्हा ओरडायला लागली, "तुमी मले सांगतलं काहून नाई? पोरीच्या लग्नापासून मी येड्यावानी—"

"हळू बोल," मुनव्वर म्हणाला. "मी तुया तोंडाकडं पाहून राह्यलो."

मग तिनं ताटात भाकरी वाढली आणि, तोंड त्याच्याकडे ठेवून, आज मिरची जास्त पडली आहे असं हळू सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मुनव्वर सकाळी वर चढे. ठोका मारला की तो पुढे सरकत नसे, खाली बघे. खाली हलीमाबी तांदळाचं सूप घेऊन उभी असे. ती मान हलवी, मग तो पुढे जाई. एकदा तिची मान हलली नाही. त्यानं डोली उतरवली.

"अम्मी, तू तठी काय करतं रोज?" वकारनं विचारलं. "चूल इकडं हाय."

"ऊन खाऊन राह्यली. तुले काय करायचं?"

पुढचे हंगाम असेच गेले. अकोल्याला घरी, जठारपेठेच्या मागच्या गल्लीत, पावसाळ्यात पाळण्याचं लोखंड उघडं पडे, घासलं जाई, रंगवलं जाई, आणि दिवाळीनंतर ट्रकवर चढे. २००९ च्या दिवाळीनंतर ते चढलं नाही. पंजाबरावाचा फोन आला, जागा ठेवली आहे म्हणून. वकारनं बापाला समोर बसवून विचारलं. पिना नव्या आहेत, बेअरिंग नवं आहे, मग काय झालं? मुनव्वरनं लेकाचं तोंड शेवटपर्यंत बघितलं आणि नाही म्हणाला. त्या थंडीत वकार नांदगाव पेठेला कामाला लागला. बापाच्या हट्टाला कंटाळलो, असं तो सगळ्यांना सांगे.

हलीमाबी त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात, रमजान लागायच्या आधी, अकोल्याच्या घरी तापानं वारली होती.